खपली धरू द्यावी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी वक्त्याने संतवाङ्मयावर बोलावे, नाट्यसंगीतावर बोलावे, निदान परप्रांतात मराठी कशी टिकवावी यावर तरी चार शब्द सांगावेत, असा संकेत आहे. तो मोडण्याची मुभा कार्यकारिणीने उदार मनाने दिली, याबद्दल प्रारंभीच तिचे आभार मानतो. आम्ही ना वैद्य, ना मानसशास्त्रज्ञ. कलाशाखेची पदवी घेऊन केंद्र सरकारच्या सेवेत शिरलेला आणि फायलींच्या संगतीत पन्नाशी ओलांडलेला एक सामान्य अधिकारी, एवढीच आमची ओळख. तरीही आजचा विषय आम्ही मुद्दाम मागून घेतला. विषय आहे आपली त्वचा, आणि ती पुन्हा पुन्हा खुडणारा, सोलणारा, तिच्यावर धरलेली खपली काढणारा आपलाच हात.

या मंडळाने पन्नास वर्षांत गणेशोत्सव केले, कोजागरीचे दूध आटवले, हळदीकुंकवाची वाणे वाटली. त्याहून मोठी गोष्ट ही, की मंडळींनी एकमेकांची आजारपणे काढली. कोणाला हृदयविकाराचा झटका आला, तर सेक्टर नऊच्या रुग्णालयाबाहेर आपली दहा माणसे रात्रभर बसलेली असतात. बाळंतिणीच्या घरी डिंकाचे लाडू न सांगता पोचतात. परंतु एक दुखणे असे आहे, की त्यासाठी कोणी कोणाकडे डबा नेल्याचे आम्हाला स्मरत नाही. कारण उघड आहे. ते कोणी सांगतच नाही.

हे दुखणे कसे असते ते प्रथम पाहू. तोंडावर एखादी पुळी येते आणि बोट तिच्याकडे जाते. पुळी फुटते, जागा ओली होते, दुसऱ्या दिवशी तिथे खपली धरते. त्या खपलीची कड बोटाला लागते आणि ती काढल्यावाचून राहवत नाही. पुन्हा रक्त, पुन्हा खपली. कोणाचा हात गालावर जातो, कोणाचा डोक्यात, कोणाचा दंडावर वा पाठीवर; कोणी नखांभोवतीची सालच सोलत राहतो. पुष्कळदा वाचताना, दूरदर्शन पाहताना, फोनवर बोलताना हात आपला आपण चालू असतो, आणि बोट ओले लागले म्हणजे मग ध्यानात येते. याउलट काही वेळा मनुष्य न्हाणीघराचे दार लावून आरशासमोर उभा राहतो आणि पाच मिनिटांचा तास केव्हा झाला ते त्याला कळत नाही. आधी मनात एक ताण साठतो, खुडताना क्षणभर सुटल्यासारखे वाटते, आणि मागून येते ती शरम. शरमेने ताण वाढतो आणि ताणाने हात पुन्हा त्याच जागी जातो. असे हे रहाटगाडगे वर्षानुवर्षे फिरत राहते.

येथे कोणी म्हणेल, की असे थोडेबहुत तर आम्ही सर्वच करतो. खरे आहे. पण जखमा होऊ लागल्या, थांबण्याचे प्रयत्न वारंवार फसू लागले, आणि त्यापायी लग्नकार्य, शाळा, कचेरी टाळण्यापर्यंत मजल गेली, की ती सवय उरत नाही. तो विकार होतो.

आपल्या भाषेत 'खाजवून खरूज काढणे' हा वाक्प्रचार आहे, 'खपली काढणे' हाही आहे. दोन्ही आपण भांडणतंट्यांसाठी वापरतो. शरीराचा अनुभव भाषेने अचूक टिपला, परंतु त्याला आजार म्हणून नाव मात्र दिले नाही. ते नाव वैद्यकानेही सावकाशच दिले. इंग्लंडातील त्वचावैद्य इरॅस्मस विल्सन यांनी १८७५ मध्ये या ओरबाडण्याचा संबंध मज्जासंस्थेशी जोडला. फ्रान्समधील ब्रोक यांनी १८९८ मध्ये तारुण्यपीटिका खुडून चेहरा जखमी करणाऱ्या तरुण मुलींचे वर्णन केले. तरीही स्वतंत्र विकार म्हणून अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या नियमग्रंथात त्याची नोंद व्हायला २०१३ साल उजाडावे लागले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगसूचीत केस उपटण्याच्या विकाराशेजारी त्याला जागा मिळाली आहे. तज्ज्ञांच्या मते शंभरातील किमान एकदोघांना तरी तो आयुष्यात केव्हातरी गाठतो. या सभागृहात आज सुमारे तीनशे खुर्च्या भरल्या आहेत. हिशेब आपण सुज्ञांनीच करावा.

हा विकार बहुधा वयात येताना, मुरमांच्या निमित्ताने सुरू होतो. उपचारासाठी येणाऱ्यांत स्त्रियांची संख्या अधिक असते. एकाच घराण्यात तो पुन्हा पुन्हा दिसतो, म्हणजे त्यात आनुवंशिकतेचाही वाटा आहे. काळजी, कंटाळा, थकवा आणि रिकामे हात ही त्याची नेहमीची खाद्ये. ज्याला तो जडतो तो अस्वच्छ नसतो, दुर्बल मनाचा नसतो, लोकांनी आपल्याकडे पाहावे म्हणूनही तो हे करीत नाही. उलट कोणी पाहू नये यासाठी त्याची सारी धडपड चाललेली असते.

आता भिलाईकडे वळू. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिली झोतभट्टी प्रज्वलित झाली. त्या भट्टीच्या उजेडात नागपूर, वर्धा, अमरावती, भंडारा येथून आपली वाडवडील मंडळी आली. तीन पाळ्यांत चालणाऱ्या कामाने त्यांच्या झोपेचे वेळापत्रक ठरवले. त्यांच्या मुलांनी आणि आता नातवंडांनी सिव्हिक सेंटरच्या शिकवणी वर्गांतून अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षांचा ध्यास घेतला. या गावाला त्याचा अभिमान आहे आणि तो रास्त आहे. पण रात्री अकरा वाजता गणिताच्या वहीवर वाकलेल्या मुलाचा उजवा हात लिहीत असतो, तेव्हा डावा हात काय करीत असतो, हे सहसा कोणी पाहत नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांजवळ जातो, अंगाची लाही होते, आणि तरीही एखादी मुलगी मनगटापर्यंत बाह्यांचा पोशाख घालून वावरते. आपण तिला शालीन म्हणून वाखाणतो. तिच्या दंडांवर काय आहे ते तिचे तिलाच ठाऊक. गावी असती तर मावशीला, आत्याला, शेजारच्या काकूंना एव्हाना सुगावा लागला असता. परमुलखात प्रत्येक घर आपापल्या दाराआड असते आणि दुखणेही दाराआडच राहते.

आम्ही हे अधिकाराने बोलतो, त्याचे कारण सांगितले पाहिजे. बी. ए.च्या परीक्षेच्या दिवसांपासून हा विकार आमच्या सोबतीला आहे. डाव्या हाताचा अंगठा आणि मानेची मागची बाजू या आमच्या जागा. प्रत्येक बदलीच्या हुकुमाबरोबर त्या ओल्या होत आणि नव्या गावी घडी बसली की कोरड्या पडत. अंगठ्याला पट्टी बांधून आम्ही बैठकांना बसलो आहोत. मानेपाशी सदऱ्याची कॉलर डागळते, म्हणून उन्हाळ्यातही गडद रंगाचे सदरे शिवून घेतले आहेत. या दुखण्याला नाव आहे आणि त्यावर इलाज आहे, हे एका मनोविकारतज्ज्ञांनी आम्हाला सांगितले तेव्हा आमचे वय सत्तेचाळीस होते. जे सत्तेचाळिसाव्या वर्षी कळले ते येथील एखाद्या मुलाला सतराव्या वर्षी कळावे, एवढ्याचसाठी आज हा खटाटोप.

आपल्याकडे एक म्हण आहे: रोग हाल्याला आणि औषध पखालीला. या विकाराच्या बाबतीत नेमके हेच घडते. दुखणे हाताच्या सवयीत आणि मनाच्या ताणात, आणि मलमे मात्र कातडीला. अर्थात कातडीकडे दुर्लक्ष करावे असा याचा अर्थ नव्हे. पहिली पायरी त्वचारोगतज्ज्ञांचीच. मुरूम, इसब, खरूज, गजकर्ण यांवर नीट उपचार झाले, की बोटाला खुडण्याजोगे सापडतच नाही. मधुमेह, थायरॉइडचे विकार, यकृत वा मूत्रपिंडाचे आजार यांतही सर्वांगाला खाज सुटू शकते; ते तपासून घ्यावे. आणि छत्तीसगडात राहणाऱ्या प्रत्येकाने एक गोष्ट ध्यानात ठेवावी: अंगावर फिकट वा लालसर चट्टा असेल आणि त्या जागी स्पर्श कळत नसेल, तर एक दिवसही न दवडता दवाखाना गाठावा. त्याविषयी पुढे बोलणारच आहोत.

मलमांबाबत एक धोक्याची सूचना. शेजारणीला गुण आला म्हणून, अथवा औषधाच्या दुकानदाराने दिले म्हणून, तोंडाला स्टेरॉइडयुक्त मलम चोळण्याची चाल आपल्या देशात फार बोकाळली आहे. पहिल्या आठवड्यात चेहरा उजळल्यासारखा दिसतो. पुढे कातडी पातळ होते, लाली येते, पुळ्या वाढतात, आणि गजकर्ण असेल तर ते दबून आतल्या आत पसरते. २०१८ साली केंद्र सरकारने अशी चौदा स्टेरॉइडे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकू नयेत असा नियम केला. नियम कागदावर आहे. तो पाळणे न पाळणे पुष्कळसे आपल्या हाती आहे.

आता जखम भरते कशी, ते थोडक्यात सांगतो. कारण ते उमजल्यावर आमच्या हाताला बराच विवेक आला. जखम होताच काही मिनिटांत रक्त गोठते. नंतरचे काही दिवस पांढऱ्या पेशी साफसफाई करतात. मग कडेकडून नव्या पेशी मध्याकडे सरकू लागतात आणि खाली तंतूंचे जाळे विणले जाते. ते जाळे घट्ट होण्याचे काम वर्षभर, कधी त्याहूनही अधिक काळ चालते, आणि एवढे करून खोल जखमेच्या वणाला मूळ कातडीच्या सुमारे ८० टक्के इतकेच बळ येते. भरत्या जखमेला खाज सुटते, आणि नेमक्या त्याच वेळी नख लागले तर सारे काम पहिल्यापासून. भिलाईकरांना हे समजायला अवघड नाही. झोतभट्टीच्या आतले विटांचे अस्तर झिजले, की भट्टी थंड करूनच ते नव्याने बांधावे लागते. गवंडी आत काम करीत असताना कोणी झोत सोडीत नाही.

जखम उघडी टाकून वाळू द्यावी, असा आपल्या घराघरांतील समज आहे. १९६२ साली जॉर्ज विंटर या इंग्रज संशोधकाने डुकरांवर प्रयोग करून दाखवले, की झाकून ओलसर ठेवलेल्या लहान जखमेवर नवी कातडी उघड्या जखमेपेक्षा जवळपास दुप्पट वेगाने धरते. म्हणून जखम साध्या पाण्याने व साबणाने धुवावी, तीवर व्हॅसलिनचा पातळ थर द्यावा आणि पट्टी लावावी. या पट्टीचा दुसरा उपयोग अधिक मोलाचा आहे: बोटाला खपलीची कड सापडत नाही. जखम भरल्यावर मागे राहणारा काळसर डाग हा आपल्या सावळ्या वर्णाचा धर्मच आहे. तो विरायला महिने लागतात, कधी वर्षही लागते, आणि ऊन लागले तर तो अधिक गडद होतो. डाग म्हणजे जखम नव्हे. त्याला खरवडून काढू गेल्यास नवा डाग तेवढा पदरात पडतो.

आता मुख्य इलाज. १९७३ मध्ये अझ्रिन आणि नन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी सवय उलटवण्याची एक पद्धत मांडली. पुढे तीत भर पडली, पण गाभा तोच राहिला आहे. पहिले अंग म्हणजे जाणीव. हात केव्हा, कोठे, कोणत्या मनःस्थितीत जातो, याची रोजनिशी ठेवावी. आम्ही ती ठेवली आणि सरकारी शिस्तीने रकाने आखले. तीन आठवड्यांत चित्र स्पष्ट झाले: दुपारी चारनंतरच्या फायली, दूरध्वनीवरील लांबलेली संभाषणे आणि रात्रीच्या बातम्या. दिवसभराचे वाटणारे संकट प्रत्यक्षात तीन ठिकाणी राहत होते.

दुसरे अंग म्हणजे हाताला पर्यायी काम. बोट जागेकडे निघाले की मूठ घट्ट मिटून मिनिटभर धरावी, अथवा बोटांना अशा कामी लावावे की त्यांना खुडणे शक्यच होऊ नये. परदेशात त्यासाठी रबरी चेंडू आणि खेळणी विकत मिळतात. आपल्याला त्यांची गरज काय? वाती वळणे, तांदूळ निवडणे, मटार सोलणे, शेंगा फोडणे, गजरा गुंफणे, ही आपल्या आज्यांची कामे. पूर्वीच्या घरात माणसाचे हात दिवेलागणीला रिकामे नसत. आमच्या सौभाग्यवतींनी एके संध्याकाळी काही न बोलता कापसाचा पुडा आमच्यासमोर ठेवला. कचेरीत ज्यांच्या सहीसाठी लोक तिष्ठत बसतात ते साहेब घरी बातम्या पाहत फुलवाती वळतात, हे आमच्या हाताखालच्या मंडळींना आज प्रथमच कळत असेल. मंडळाच्या गणपतीपुढे गेली काही वर्षे ज्या वाती तेवतात, त्यांत आमच्या हातच्याही आहेत.

तिसरे अंग परिस्थितीची आखणी. नखे बारीक कापावीत. न्हाणीघरातील प्रखर दिवा बदलावा, मोठे करून दाखवणारा आरसा घरातून काढावा, ज्या खुर्चीत बसले की हात चालतो ती खुर्ची हलवावी. रोज ज्या घटकेला हात सुटतो, त्या घटकेला पट्टी अगोदरच लावून ठेवावी.

चौथे अंग सोबतीचे, आणि येथे घरच्यांचे काम सुरू होते. आईने दिवसातून वीस वेळा 'हात काढ' म्हटल्याने हात निघत नाही. तो फक्त दाराआड जातो. पाहुण्यांसमोर टोकणे, 'चेहऱ्याचे काय करून ठेवलेस' असे म्हणणे, रोज संध्याकाळी तपासणी घेणे, याने शरमेचाच भरणा होतो. त्याऐवजी ज्याचे दुखणे त्यालाच विचारून एखादी खूण ठरवावी. आमच्या घरी ती खूण म्हणजे टेबलावर बोटाने दोनदा टकटक. तिच्यात प्रश्न नाही की उपदेश नाही. आणि चार दिवस चांगले गेले तर ते बोलून दाखवावे. मराठी माणसाला कौतुक जरा जड जाते, पण येथे ते औषधासारखे लागू पडते.

एवढ्याने भागले नाही तर मनोविकारतज्ज्ञांकडे जाण्यात कमीपणा नाही. चिंता वा उदासीनता सोबत असेल तर तिच्यावरील औषधांनी पुष्कळांना फरक पडतो. एन-ॲसिटिल-सिस्टीन या द्रव्याची ६६ रुग्णांवर बारा आठवडे चाचणी होऊन २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले; ते घेणाऱ्यांपैकी ४७ टक्क्यांना, तर नुसती साखरेसारखी गोळी घेणाऱ्यांपैकी १९ टक्क्यांना ठळक सुधारणा आढळली. चाचणी लहान होती आणि ते आपल्या मनाने घेण्याचे औषध नव्हे. पण मार्ग बंद नाहीत, एवढे तिने दाखवले. केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही विनामूल्य दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर अनेक भारतीय भाषांत बोलता येते आणि तेथे कोणी आडनाव ओळखून 'तुम्ही अमक्यांचे कोण?' असे विचारत नाही. परप्रांतातील आपल्यासारख्या लहान समाजात ही सोय थोडी नव्हे.

आता ज्या कारणासाठी हा विषय आम्ही एका घराचा न मानता मंडळाचा मानतो, त्याकडे येतो. भिलाईहून हावड्याकडे जाणाऱ्या गाडीत बसले, की बिलासपूरच्या पुढे चांपा हे स्थानक लागते. सदाशिव गोविंद कात्रे नावाचे एक मराठी गृहस्थ रेल्वेच्या नोकरीत होते. त्यांना कुष्ठरोग जडला. रोगाहून लोकांच्या नजरेचे दुःख अधिक, हे त्यांनी स्वतःच्या अंगावर सोसले, आणि १९६२ साली चांप्याजवळ भारतीय कुष्ठ निवारक संघाची स्थापना करून उरलेले आयुष्य आपल्यासारख्यांना दिले. पुढे अमरावती जिल्ह्यातील पथ्रोटचे दामोदर गणेश बापट त्यांना येऊन मिळाले. त्यांना स्वतःला तो रोग नव्हता; तरीही ते रुग्णांमध्येच राहिले, त्यांच्या पंक्तीला जेवले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१९ मध्ये ते निवर्तले. वर्ध्याजवळचे दत्तपूर, अमरावतीचे तपोवन, वरोऱ्याचे आनंदवन यांची नावे आपण अभिमानाने घेतो. त्याच परंपरेतील चांपा आपल्या इतके जवळ असून आपल्यातील किती जणांनी ते पाहिले असेल?

कुष्ठरोग आणि आमचा विकार यांत साम्य नाही. एक जंतूंमुळे होतो, दुसऱ्यात जंतूंचा हात नाही. कुष्ठरोगात मज्जातंतू बधिर होतात, जखम झालेली कळत नाही, म्हणून रुग्णाला रोज आपले पाय डोळ्यांनी तपासायला शिकवतात. आमच्या विकारात बोटाला बारीकशी कडही सहन होत नाही, म्हणून आम्हाला न पाहण्याचे शिक्षण घ्यावे लागते. परंतु लपवण्यामुळे होणारे नुकसान दोहोंत सारखेच. कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेतील हान्सेन यांनी १८७३ मध्ये पाहिला. बहुविध औषधोपचाराची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये केली. आज सहा महिने ते वर्षभराच्या विनामूल्य उपचाराने रोग बरा होतो, आणि उपचार सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत संसर्गाचे भय उरत नाही. तरीही छत्तीसगडात रुग्ण उशिरा येतात, बोटे वाकल्यावर येतात, कारण चट्टा दिसताच माणूस प्रथम सदऱ्याची बाही खाली ओढतो.

कायदासुद्धा किती सावकाश बदलतो पाहा. ब्रोक यांनी खुडणाऱ्या मुलींविषयी लिहिले त्याच १८९८ साली इंग्रज सरकारने कुष्ठरुग्णांना कोंडून ठेवण्याची मुभा देणारा कायदा केला. तो केंद्राच्या कायदेपुस्तकातून निघाला २०१६ साली. हिंदू विवाह कायद्यासह पाच वैयक्तिक कायद्यांत कुष्ठरोग हे घटस्फोटाचे अथवा पतीपासून वेगळे राहण्याचे कारण म्हणून नमूद होते. ते वगळले गेले २०१९ साली. सरकारी सेवेत आयुष्य काढल्यामुळे आम्हाला ठाऊक आहे, की कागदावरचा एक रकाना माणसाच्या आयुष्यात किती खोल शिरतो.

कोडाची गोष्ट निराळी नाही. कोड संसर्गजन्य नाही, दुखत नाही, आयुष्य कमी करीत नाही. आणि तरी त्यापायी किती स्थळे मोडली याची गणती नाही. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी २००६ मध्ये 'नितळ' हा चित्रपट याच विषयावर काढला. पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी कोड असलेल्यांसाठी 'श्वेता असोसिएशन' उभी केली. तेथे माणसे एकमेकांना भेटतात, बाह्या दुमडून बसतात. औषधाने जे होत नाही ते पुष्कळदा अशा बसण्याने होते.

'जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही,' अशी म्हण आहे. आमच्या अनुभवास ती पुरी उतरलेली नाही. आमचा अंगठा गेली काही वर्षे बहुतांशी कोरडा आहे. मागील वर्षी घरातल्या एका मोठ्या आजारपणात तो पुन्हा ओला झाला. कापसाचा पुडा पुन्हा काढला, पट्टी पुन्हा लावली, आणि दोन महिन्यांत तो पुन्हा भरला. विकार परतला म्हणजे केलेले सारे वाया गेले, असे कोणी मानू नये. पूर्वी वर्षभर न भरणारी जखम आता पंधरवड्यात भरते, यालाच सुधारणा म्हणतात.

शेवटी मंडळाकडे तीन मागण्या करतो. पहिली, वर्षातून एकदा त्वचारोगतज्ज्ञ आणि मनोविकारतज्ज्ञ अशा दोघांना एकाच व्यासपीठावर बोलवावे. दुसरी, महिन्यातील एका रविवारी मंडळाच्या वाचनालयात वाती वळण्याची, गजरे गुंफण्याची बैठक भरवावी. ती सर्वांसाठी खुली असावी आणि कोण कशासाठी आले आहे हे कोणी कोणाला विचारू नये. मुलगे आले तर त्यांनाही कापूस द्यावा.

तिसरी मागणी अधिक महत्त्वाची. मंडळाच्या वधूवर सूचक केंद्राच्या छापील अर्जात उंचीच्या खाली 'वर्ण' असा एक रकाना आहे. पन्नास वर्षे तो तेथे आहे आणि पन्नास वर्षे आपली मुले-मुली त्यात 'गोरा', 'निमगोरा', 'नितळ' असे लिहीत आली आहेत. ज्यांना तसे लिहिता येत नाही त्यांतील काही अर्जच भरीत नाहीत, आणि काही जण तो रकाना भरण्याआधी आरशापुढे उभे राहतात. तेथून पुढे काय होते ते आम्ही आज सांगितलेच आहे. अर्जांचा जुना गठ्ठा संपत आला असून नवे अर्ज या महोत्सवानंतर छापायचे आहेत, असे चिटणीसांकडून समजते. त्या नव्या अर्जात हा रकाना नसावा, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.